स्वाभिमानाला धर्माचा पाया लागतो का?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, धर्म काढून घेतला तर 'मी कोण' आणि 'माझी किंमत काय' याचं उत्तर माणसानं आणायचं कुठून?" मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, समाधान त्यांचंही झालं नाही, माझंही नाही. म्हणून आज तोच प्रश्न घेतो. नुसती तात्त्विक चर्चा नको, आपल्याच इतिहासातली दोन माणसं समोर ठेवू : गोपाळ गणेश आगरकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आगरकरांचा जन्म 1856 चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी. एम. ए. झाले, मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण आईला कळवलं की माझ्याकडून श्रीमंतीची अपेक्षा ठेवू नकोस. शिक्षणाच्या कामात पडले आणि 1888 साली 'सुधारक' काढला. मिल आणि स्पेन्सर यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही, अशी त्यांची अज्ञेयवादी भूमिका. नीती पोथीतून येत नाही, माणसांच्या सुखदुःखाच्या अनुभवातून येते, असं ते मानत. विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं शरीर पोखरलेलं. तरी हा माणूस वाकला नाही. 1895 साली, चाळिशीही न गाठता गेला. आता मला सांगा, या माणसाच्या स्वाभिमानाला कोणत्या धर्माचा आधार होता? कोणत्याच नाही. प्रश्न सुटला, असं वाटतं ना?

पुष्कळ वर्षं वर्गात मीही इथंच थांबत असे. आज थांबणार नाही. कारण आगरकरांनी धर्म नाकारला, तरी समाजानं त्यांना जन्मानं दिलेली जागा त्यांच्या पायाखाली होतीच. सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायचा त्यांचा हक्क कोणी काढला नव्हता. आपण माणूस आहोत हे त्यांना कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांना नेमकं तेच करावं लागलं. चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिणं हे त्यांच्यासाठी माणूसपण सिद्ध करणं होतं. इथं आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. धर्म माणसाला ओळख देतो, हे खरंच. चातुर्वर्ण्यानं प्रत्येकाला पक्की ओळख दिली होती. अस्पृश्यालाही दिली होती! पाया भक्कम होता, आणि दुखणंही तेच होतं. म्हणजे ओळख आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख मिळूनही किंमत शून्य असू शकते.

पुढं 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षं चालूनही मंदिराचं दार उघडलं नाही. 1935 साली येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आता गंमत बघा. 1950 साली राज्यघटना लागू झाली, कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानं समता मिळाली होती. धर्माशिवाय भागत असेल तर इथं भागायला हवं होतं. तरीही 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. का?

कायदा दुसऱ्याला तुमचा अपमान करण्यापासून अडवतो. पण पिढ्यान्‌पिढ्या 'तू कमी आहेस' हे ऐकून ते मनात मुरलेलं असतं, तिथं कायदा पोचत नाही. तिथं पोचायला आपला नवा जन्म झाला असं मानणारी प्रतिज्ञा लागते, आणि ती एकट्यानं खोलीत बसून म्हणून चालत नाही. शेजारी लाखो माणसं तीच म्हणत असावी लागतात.

पण त्यांनी निवडलं काय, तेही पाहा. ज्यात ईश्वर नाही, अमर आत्मा नाही, असा धम्म. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ते धर्म आणि धम्म असा स्पष्ट भेद करतात. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब. धम्म म्हणजे माणसानं माणसाशी नीट वागणं, नीती. आत्मा न मानणाऱ्या विचारातून आत्मसन्मान उभा राहिला! तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं यावर बराच वेळ विचार करावा.

मी आयुष्यभर स्वतःला आगरकरांच्या बाजूचा समजत आलो. अजूनही समजतो. माणसाच्या किमतीला ईश्वराची सही लागत नाही. पण आता एक पुस्ती जोडतो : तिला माणसांची साथ लागते. तुमची किंमत मान्य करणारे, ती रोजच्या वागण्यात पाळणारे चार लोक लागतात. ज्यांना ते जन्मतःच मिळतात, त्यांना धर्म सोडणं सोपं जातं. ज्यांना मिळत नाहीत, त्यांनी ते धम्मात शोधले, तर त्यांना अडाणी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

जाता जाता एक शब्द. हल्ली आपण 'अस्मिता' छाती फुगवून म्हणतो. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे. धर्मानं दिलेली ओळख माझी किंमत वाढवते की दुसऱ्याची कमी करते, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन तपासावं. त्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच.