पावडरीचा डबा आणि एक ड्रम

परवा लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. वय तीन महिने, डायपरखाली लालभडक पुरळ. घरी आईचं एकच पालुपद, "अरे, पावडर लाव की! तुला नाही का लावायचे डबे डबे?" डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाल्या, पावडर अजिबात नको. ओलं डायपर लगेच बदला, कोमट पाण्याने पुसा, थोडा वेळ उघडं ठेवा, वरून झिंक ऑक्साइडचं मलम लावा. झालं. दोनशे रुपये फी आणि आईचा पडलेला चेहरा.

आता आपण पडलो इंजिनिअर. "नको" म्हटलं की "का नको" विचारल्याशिवाय झोप येत नाही. शनिवारी लेकीला मांडीवर झोपवून वाचत बसलो आणि भलतीकडेच पोचलो. १९७२ सालच्या फ्रान्समध्ये.

पण आधी थोडं मागे जायला हवं. १९५० च्या दशकात प्रसूतिगृहांना स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूने जेरीस आणलं होतं. नवजात बाळांच्या अंगावर पू भरलेले फोड यायचे, संसर्ग रक्तात गेला तर बाळ दगावायचं. त्यावर सापडलेला उपाय म्हणजे हेक्साक्लोरोफीन. अमेरिकेत त्याचं ३ टक्के द्रावण 'फायसोहेक्स' या नावाने मिळायचं आणि कित्येक इस्पितळांत बाळांना रोज त्यानेच आंघोळ घालत. संसर्ग खरंच कमी झाले, हे लक्षात ठेवा. ही माणसं मूर्ख नव्हती.

गोची अशी की बाळाची कातडी म्हणजे मोठ्यांच्या कातडीची छोटी आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ आपल्यापेक्षा बरंच जास्त, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तर वरचा संरक्षक थर पुरता तयारही झालेला नसतो. जे बाहेरून लावाल त्यातलं काही आत जाणार. त्यात कातडी सोललेली असेल आणि वरून डायपर घट्ट बांधलेला असेल तर विचारूच नका. १९७१ मध्ये हेक्साक्लोरोफीन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूत इजा दिसली. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने बाळांना त्याने सर्रास आंघोळ घालू नका असं सांगितलं. आणि लगेच काही इस्पितळांत स्टॅफिलोकोकसने पुन्हा डोकं वर काढलं! एक बग फिक्स केला की दुसरा उघडा पडतो, तसलाच प्रकार.

आता फ्रान्स. 'मोरांज' नावाची बेबी पावडर. तिच्यात हेक्साक्लोरोफीन असायचंच नव्हतं. पण जिथे ती तयार व्हायची तिथे चुकून एक ड्रम त्यात मिसळला गेला, आणि एका बॅचमध्ये त्याचं प्रमाण ६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आंघोळीच्या द्रावणाच्या दुप्पट, आणि इथे धुऊन टाकायचा प्रश्नच नाही, पावडर अंगावरच राहणार. बाळांच्या ढुंगणावर भयंकर पुरळ उठायची, मग झटके, मग बेशुद्धी. २०४ मुलं आजारी पडली, ३६ गेली.

आकड्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट छळतेय. पुरळ उठल्यावर आईबाप काय करत असतील? पावडर लावत असतील. अजून पावडर. माझ्या आईने मला सांगितलं तेच, तितक्याच मायेने. डब्यावर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. कारण सापडेपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. तोवर घरोघरी डबे उघडेच होते.

सप्टेंबर १९७२ मध्ये एफडीएने हेक्साक्लोरोफीनची बहुतेक उत्पादनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. फ्रान्समधला खटला १९७९-८० पर्यंत चालला.

गोष्ट इथेच संपली असती तर मी लॅपटॉप बंद केला असता. पण हे रसायन करायला ट्रायक्लोरोफेनॉल लागतं, आणि ते बनवणाऱ्या इटलीतल्या एका कारखान्यात १० जुलै १९७६ ला, शनिवारी दुपारी, रिॲक्टर तापून डायऑक्सिनचा ढग बाहेर पडला. होय, तेच ते सेवेसो! तिथे सुमारे दोनशे जणांना क्लोरॅक्ने झाला, म्हणजे कातडीवर काळे-पिवळट फोड. त्यात बहुतेक लहान मुलंच होती. बाळांची कातडी स्वच्छ ठेवायला शोधलेल्या औषधाच्या कच्च्या मालाने शेवटी मुलांचीच कातडी जाळली.

असो. आजच्या पावडरीत हे रसायन नसतं, तेव्हा घाबरून फोन करू नका :) डॉक्टर पावडर नको म्हणतात ते मुख्यतः तिचे बारीक कण बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जातात म्हणून.

आईला रात्री सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग कपाटातला डबा काढला आणि कॅरमच्या बोर्डाजवळ नेऊन ठेवला. लेकीची पुरळ तिसऱ्या दिवशी उतरली.