सातताल ते नूर मंझिल : एका शांतीची वाटचाल

काठगोदामला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. तिथून भीमतालच्या दिशेने चढत गेलं की बांज आणि चीडच्या जंगलात एकामागून एक तलाव लागतात. राम, सीता, लक्ष्मण, गरुड, नल-दमयंती अशी त्यांची नावं आणि त्या सगळ्या परिसराचं नाव सातताल. नैनिताल जिल्ह्यातल्या या जागी १९३० मध्ये एक ख्रिस्ती आश्रम सुरू झाला. सुरू करणारे तिघे होते : अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी इ. स्टॅन्ली जोन्स, भारतीय पाळक युनास सिन्हा आणि लंडन मिशनरी सोसायटीच्या निवृत्त मिशनरी एथेल टर्नर. पुढे वीस वर्षांनी, याच जोन्स यांच्या पुढाकाराने, लखनौला नूर मंझिल हे मनोरुग्णांवर उपचार करणारं केंद्र उभं राहिलं. एका संस्थेत प्रार्थना, दुसरीत डॉक्टर. या दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते लखनौच्या एका चर्चमध्ये सापडतं.

जोन्स १९०७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी भारतात आले. लालबागेतल्या मेथडिस्ट चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९११ मध्ये मेबल लॉसिंग यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी सीतापुरात संसार आणि काम मांडलं. मेबल यांनी तिथली मुलांची शाळा वर्षानुवर्षं चालवली. त्या कामाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. जोन्स मात्र सतत फिरतीवर असत. गावोगावच्या सभा, वकील-प्राध्यापकांचे प्रश्न, जबाबदाऱ्यांचा डोंगर, उत्तर भारतातला उन्हाळा. साडेआठ वर्षांत मज्जातंतू थकले. डॉक्टरांनी रजेवर मायदेशी धाडलं. वर्षभराच्या विश्रांतीनंतर ते परत निघाले, तर बोटीवरच्या रविवारच्या उपासनेत बोलताना पुन्हा कोसळले. भारतात आल्यावर विश्रांतीसाठी डोंगरावर गेले, उतरले, पुन्हा कोलमडले, पुन्हा डोंगरावर गेले. आता मिशनचं काम सोडून अमेरिकेत परतावं आणि शेतावर राबून प्रकृती सावरावी, असं त्यांना वाटू लागलं होतं.

अशा अवस्थेत, १९१७च्या सुमारास, लखनौच्या चर्चमध्ये रात्रीच्या सभेत ते प्रार्थना करत होते. प्रार्थना स्वतःसाठी नव्हती, दुसऱ्यांसाठी होती. त्या वेळी त्यांना अंतर्यामी प्रश्न आला : ज्या कामासाठी तुला बोलावलं आहे, त्यासाठी तू स्वतः तयार आहेस का? त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. आपण संपलो आहोत, हेही सांगितलं. मग आलेलं आश्वासन असं की हा भार माझ्यावर टाक, काळजी करू नकोस, बाकी मी पाहतो. त्यांनी तिथेच होकार दिला. घरी परतताना पाय जमिनीला लागत नव्हते, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. त्यानंतर पाच दशकांहून अधिक काळ ते जगभर बोलत हिंडले.

हा प्रसंग काही जण चमत्कार म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आपल्याकडचं बळ संपलं आहे, हे त्यांनी आधी कबूल केलं. चिंतेने पोखरलेल्या माणसाला हे सर्वांत जड जातं. तो वरून हसत असतो, कामं उरकत असतो आणि आतून ढासळत असतो. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात चिंतेविषयी जे सांगितलं आहे, तेही बेड्यांत असलेल्या माणसाचं सांगणं आहे. शांतीची भाषा त्याने सुखात बसून केलेली नाही. जोन्स यांनी तीच वाट धरली, आणि तिला त्यांनी आयुष्यभर शरणागती म्हटलं.

१९२५ मध्ये आलेल्या ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या पुस्तकाने त्यांचं नाव जगभर गेलं. १९२८ मध्ये मेथडिस्ट मंडळीने त्यांना बिशप म्हणून निवडलं. दीक्षाविधी होण्याआधीच त्यांनी ते पद नाकारलं. गांधीजींच्या साबरमतीत आणि रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ते राहून आले होते. माणसं एकत्र राहतात, एकत्र राबतात आणि त्यातून बदलतात, हे तिथे त्यांनी पाहिलं. मराठी वाचकाला इथे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आठवतील. १९१७ मध्ये साताऱ्याला टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा आश्रमासारखा समुदाय मांडला, तो याच ओढीतून. भारतीय माणसाला ख्रिस्त भारतीय घरात भेटावा, ही तळमळ होती. टिळक १९१९ मध्ये गेले. पण १९२२ मध्ये अहमदनगरला इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी सुरू केलेला ख्रिस्त सेवा संघ याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता. सातताल हा त्याच काळाचा सोबती.

साततालला काय घडत असे? उन्हाळ्यात माणसं जमत. जेवण भारतीय, पोशाख भारतीय. पदव्या आणि मोठेपण फाटकाबाहेर ठेवायचं. डॉक्टर, रेव्हरंड, साहेब कोणी नाही, सगळे भाऊ आणि बहिणी. जोन्ससुद्धा ‘ब्रदर स्टॅन्ली’. सुरुवातीच्या बैठकीत प्रत्येकाने तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं : इथे का आलात, काय हवं आहे, आणि खरी गरज कशाची आहे. ‘हवं’ आणि ‘गरज’ यांतलं अंतर बोलता बोलता उघडं पडे. काही जण म्हणत, पुस्तकं वाचायला आलोय. मग पुढच्या वाक्यात आवाज कापरा होई आणि झोप लागत नाही, भीती वाटते, घरात बोलणं बंद आहे, असं बाहेर येई. या बैठकीला तास न् तास लागत. नवखा माणूस मनात म्हणे, आपण कुठल्या त्रस्त लोकांत येऊन पडलो? पण सगळे बोलून झाले की कळे, आपण एकटेच तसे नाही. चिंतेला सर्वांत मोठं बळ एकांतातल्या लाजेचं असतं, ते इथे पहिल्याच दिवशी निम्मं उतरे.

दिवसाला एक लय होती : पहाटेची शांतता, बायबलवर चिंतन, हाताने करायचं काम, संध्याकाळची सभा. रात्री मौन पाळायचं. हाताच्या कामाचा तास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण डोक्यात फिरणारं चक्र खुरप्याच्या फटक्याने थांबतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. ठरल्या दिवशी सफाई कामगारांना सुट्टी असे आणि त्यांचं काम आश्रमातले लोक वाटून घेत. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या एका गृहस्थांना जोन्स यांनी विचारलं, तुमची पाळी कधी? ते म्हणाले, माझं परिवर्तन झालंय खरं, पण अजून इतकं नाही. हा प्रसंग जोन्स आवर्जून सांगत. परस्परांविषयी तक्रार असेल तर ती पाठीमागे न बोलता समोर मांडायची, असाही दंडक होता. मनातली खदखद साठली की तिचीच पुढे चिंता होते. आश्रमाने ती साठू न देण्याची सोय केली होती. समारोपाच्या बैठकीत प्रत्येकाने काय मिळालं ते सांगायचं.

सगळ्यांना मात्र आश्रम पुरत नसे. काहींचा आजार खोल होता. त्यांना केवळ ‘विश्वास ठेव’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. जोन्स यांनी हे ओळखलं आणि १९५० मध्ये लालबागेतच नूर मंझिल सुरू केलं. भारतातलं हे पहिलं ख्रिस्ती मानसोपचार केंद्र मानलं जातं. मानसोपचार, औषधं आणि आध्यात्मिक आधार एका छपराखाली आणायचे, हा हेतू. अमेरिकेहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स स्ट्रिंगम यांनी तिथे सुरुवातीच्या काळात धुरा सांभाळली. नावाचा अर्थ प्रकाशाचं घर.

त्या काळी आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ ही तिथल्या मनोरुग्णालयांवरून आलेली वाक्यं चेष्टेत वापरली जात. अजूनही वापरली जातात. मनोरुग्णांसाठीचा कायदाही १९१२चा, ‘ल्युनसी’ म्हणजे वेडेपणा, या नावाचा. तो १९८७ मध्ये बदलला आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या हक्कांची भाषा आणली. अशा देशात, १९५० मध्ये, एका प्रवचनकाराने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा आध्यात्मिक अनुभव जिथे आला, त्याच शहरात मनाचं इस्पितळ काढावं, याला मी विश्वासाचाच पुरावा मानतो. प्रार्थनेने बरं वाटलेल्या माणसाला औषधाचा धाक वाटत नाही. आपल्या मंडळ्यांत अजूनही नैराश्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारे आहेत. त्यांना नूर मंझिलची गोष्ट माहीत असायला हवी. आजारी माणसाने गोळी घेऊन गुडघे टेकले, तर देव ती गोळी मोजत बसत नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये जोन्स यांना अर्धांगवायूचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. शब्द हेच ज्याचं आयुष्य, त्याचं बोलणंच अडलं. तरी अडखळत, जमेल तसं सांगत त्यांनी आणखी एक पुस्तक पूर्ण केलं. ‘द डिव्हाइन येस’ त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९७२ मध्ये तब्येत अशी असताना ते भारतात परतले आणि साततालला राहिले. २५ जानेवारी १९७३ रोजी बरेलीला त्यांचं निधन झालं. नूर मंझिल त्यांच्या मागेही रुग्ण तपासत राहिलं. साततालला आश्रमप्रमुखाला आचार्य म्हणतात, आणि उन्हाळी शिबिरांची प्रथा पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवली.