घोडा पाळणाऱ्याची गोष्ट

मराठ्यांच्या इतिहासात घोडा पानोपानी भेटतो. घोड्यावर बसणारा भेटतो, घोडा पडल्यावर पायी लढणाराही भेटतो. पण तो घोडा पाळला कुणी, शिंगरू असताना त्याला कुणी वाढवलं आणि विकताना काय विचार केला, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. इतकी वर्षं वर्गात इतिहास शिकवला, पण क्रमिक पुस्तकात या माणसासाठी एक ओळ नव्हती. आज त्याच्याविषयीच लिहावं म्हणतो.

सुरुवात थोडी मागून करू. शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची सोय आधी लावलेली. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्रही प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारीक विचारही त्यात आहे. घोडा हे राज्याचं किती मोठं भांडवल होतं ते यावरून कळावं.

शिलेदाराचं तर सगळंच घोड्यावर. घोडा गेला की त्याचं शिलेदारपणच धोक्यात! आणि हा घोडा यायचा कुठून? अरबी घोडे समुद्रमार्गे येत, पण ते श्रीमंतांसाठी. साध्या माणसाचा घोडा म्हणजे भीमा-नीरेच्या काठचं तट्टू, भीमथडी. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. उंचीनं बेताचं, हाडानं काटक, थोडक्या चाऱ्यावर दिवसभर चालणारं हे जनावर. 'भीमथडीची तट्टं' हा शब्दप्रयोग आपण अभिमानानं वापरतो, पण ती तट्टं वाढवणारे बहुतेक साधे कुणबी आणि धनगर होते हे सोयीनं विसरतो.

आता चालीविषयी. घोड्याच्या पाठीवर लांबचा पल्ला गाठायचा तर वेगाहून चाल महत्त्वाची. दुडकी चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा, असे तिरपे पाय एकदम उचलतात, त्यामुळे बसणाऱ्याची कंबर खिळखिळी होते. रेवाल चालीत एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात, एखादा तरी पाय जमिनीवर राहतो आणि पाठ जवळजवळ हलत नाही. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळत नाही, असं जाणकार सांगतात. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी घोड्यांत ही चाल नावाजलेली आहे. खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात आजही घोडा चालवून दाखवल्याशिवाय जाणकार गिऱ्हाईक बोली करत नाही.

ही चाल शिकवून येते की जन्मतःच असते, हा जुना वाद. २०१२ साली शास्त्रज्ञांनी आइसलँडच्या घोड्यांचा अभ्यास करून दाखवून दिलं की एका विशिष्ट जनुकातल्या बदलाचा अशा चालींशी संबंध आहे. पण सगळंच रक्तावर सोडून भागत नाही, वाढवणाऱ्याचा हातही लागतोच.

हे मला शास्त्रज्ञांच्याही आधी एका धनगरानं सांगितलं होतं. आमच्या वारणाकाठी पीक निघालं की शेतात बकरी बसवायची जुनी पद्धत आहे. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मेंढ्यांना बकरीच म्हणतात.) लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी धनगराला धान्य, पैसे देतो. कळपाबरोबर घोडी असत. त्यांच्या पाठीवर वाघर, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी एखादं लहान मूलही! हा गृहस्थ तीन-चार घोडी बाळगून होता आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादं शिंगरू विकत असे. शाळा सुटल्यावर मी त्याच्या तळावर जाऊन बसायचो.

त्याला एकदा विचारलं, चाल कशी लावता? तो म्हणाला, "आमी कुटं लावतो मास्तर? आईच्या मागनं चालून चालून लागती." घोडी अकरा महिने गाभण राहते, शिंगरू सहा महिने तरी दूध पितं, पाठीवर ओझं घ्यायला तीन वर्षं जावी लागतात. या तीन वर्षांत ते आईमागून शेकडो मैल चाललेलं असतं. ओढे, खडी, गर्दी, कुत्री, एस.टी.चा भोंगा, सगळं पाहून झालेलं असतं. मग ते बुजत नाही.

विकण्याचे त्याचे नियम ठरलेले होते. घोडी विकायची नाही. "घोडी इकली म्हंजी घर इकलं." नर विकायचा, तोही दूध तुटल्यावर. आणि जनावराची खोड आधी सांगायची. लाथ मारत असेल, पाण्याला भीत असेल, तर पैसे हातात घेण्याआधी सांगायचं. असं केल्यानं किंमत पडत नाही का, असं मी विचारलं. त्याचं उत्तर मला अजून आठवतं. "पडती की! पर फुडल्या वर्सी ह्याच वाटंनं यायचं हाय आमाला."

पुढं विचार करताना मला यात मोठं अर्थशास्त्र दिसलं. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. विकणारा आणि घेणारा पुन्हा भेटतीलच असं नाही. मग नजरेत भरेल तेच विकलं जातं. उंची, नुकरा किंवा अबलख रंग, देवमणासारखे शुभ भोवरे, हलगीवर नाचणं. पाठीवर बसून चार कोस गेल्यावर जे कळतं त्याला भाव येत नाही. आणि भाव दिखाव्याला आला की जनावराचे हाल सुरू होतात. काटेरी लगामाला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो सापडतो. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग हॉर्स ही चालीसाठीच प्रसिद्ध असलेली जात. तिथे प्रदर्शनात पाय जास्त उचलावेत म्हणून घोड्यांच्या पायांना मुद्दाम जखमा करत. ते थांबवायला १९७० साली कायदा करावा लागला. ज्या चालीमुळे बसणाऱ्याला आराम मिळायचा, तिच्याच नावाखाली घोड्याला वेदना! धनगराला असा कायदा कधी लागला नसता. लंगडणारी घोडी त्याचं बिऱ्हाड कशी वाहणार?

आता परिस्थिती बदलली आहे. वारणाकाठ उसानं भरला. रासायनिक खतं आली, मोकळं रान घटलं, बकरी बसवणं कमी झालं. बरेच धनगर बिऱ्हाड टेम्पोतून हलवतात. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ साली ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी!

२०२४ साली भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाल्याची बातमी वाचली आणि मनापासून आनंद झाला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या पट्ट्यात तो अजून टिकून आहे, आणि मुख्यतः धनगरांमुळेच. आता नोंदी होतील, चांगले नर जपले जातील. पण एक शंका मनात राहते. मान्यतेमुळे किंमत वाढेल आणि हौशी गिऱ्हाईक येईल. ते उंची मागेल, रंग मागेल. मग उंचीसाठी बाहेरचं रक्त मिसळलं जाईल आणि नाव तेवढं भीमथडीचं राहील. ज्या गुणांसाठी ही जात टिकली ते गुण चालण्यातून, ओझं वाहण्यातून आले. ते तबेल्यात उभं राहून टिकणार नाहीत.

म्हणून मला वाटतं, नोंदवहीत घोड्याच्या उंचीबरोबर त्याची आई कोण, ती कोणत्या वाटेनं चालली आणि पाळणारा कोण हेही लिहावं. बक्षिसं द्यायचीच तर लांब चालीला द्यावीत. आणि पाळणाऱ्याला थोडं गायरान मोकळं ठेवावं, कारण कळप चालला तरच घोडी चालणार.

असो. तुमच्या शिवारात अजून बकरी येत असतील तर एकदा त्या तळावर जाऊन या. शिंगरू दिसलं तर त्याची आई कोणती म्हणून विचारा. तो आईचं सांगेल, आजीचं सांगेल आणि तुम्ही न विचारता तिची खोडही सांगेल.