गाडी का थरथरते? – एका लोखंडी सांध्याचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. शाळेत मीही वर्षानुवर्षे तेच शिकवले. आज मात्र जरा वेगळा इतिहास लिहायचे मनात आहे. त्यात राजा नाही, लढाई नाही. आहे तो एक लोखंडी सांधा. आमच्या मोहाडीकडचे मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात, तर पुस्तकात त्याचे नाव ‘युनिव्हर्सल जॉइंट’. जीप, ट्रक, एसटी यांच्या पोटाखालून जो लांब फिरता दांडा जातो, त्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना हा सांधा बसवलेला असतो. तो झिजला की गाडी थरथरू लागते.

आधी त्याचे काम समजून घेऊ. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे चासिसला घट्ट बसवलेले असतात. मागची चाके मात्र पाट्यांवर असल्यामुळे खड्ड्यागणिक वरखाली होतात. इंजिनाची ताकद तर या चाकांपर्यंत न्यायची आहे. सरळ ताठ दांडा लावला तर तो पहिल्याच खड्ड्यात मोडेल. म्हणून दांड्याला दोन्ही टोकांना ‘मनगट’ दिले. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक सळ्यांचे बेअरिंग. दांडा वाकडा राहूनही फिरू शकतो तो या तुकड्यामुळे.

ही कल्पना कोणाची? युरोपात ती जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) या इटालियन गणितज्ञाच्या नावावर आहे. म्हणूनच अनेक भाषांत या दांड्याला ‘कार्दान शाफ्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात कार्दानोने वर्णन केले ते एकात एक टांगलेल्या कड्यांचे. जहाज कितीही हेलकावले तरी होकायंत्र आडवे राहावे म्हणून वापरतात तसली ती कडी. पुढे १६६४ मध्ये गास्पार शॉट या जर्मन पाद्र्याने आपल्या ग्रंथात फिरत्या सांध्याचे वर्णन केले आणि दोन्ही बाजूंचे दांडे सारख्याच वेगाने फिरतात असे ठोकून दिले. महाराजांनी सुरत लुटली ते हेच वर्ष.

शॉटचे हे म्हणणे खोडून काढले रॉबर्ट हूक यांनी. होय, विज्ञानाच्या पुस्तकात स्प्रिंगचा नियम ज्यांच्या नावाने शिकवतात तेच हूक. सूर्य पाहण्याच्या यंत्रांवरील त्यांचे पुस्तक १६७६ चे, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी आलेले. त्यात या सांध्याचे वर्णन आहे. एक दांडा एकसारख्या गतीने फिरवला, तर वाकडा जोडलेला दुसरा दांडा तसा फिरत नाही, हे हूक यांच्या लक्षात आले होते. तो एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सपाट तबकडीवर सावलीघड्याळाचे तास सारख्या अंतरावर पडत नाहीत, तसाच हा प्रकार. गणित सोपे आहे. सांधा १० अंशांत वाकला असेल तर वेगातला फरक वरखाली दीड टक्का असतो. ३० अंशांत वाकला तर तोच तेरा ते पंधरा टक्क्यांवर जातो.

उपायही याच गणितात आहे. दुसऱ्या टोकाला तसाच सांधा, तेवढ्याच कोनात आणि त्याच रोखाने बसवला, की पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकतो. आपल्या गाड्यांचे शाफ्ट याच तत्त्वावर चालतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही गॅरेजमध्ये रोज कामी येते.

सुरुवातीच्या मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत. धुळीत आणि चिखलात ती साखळी झिजे, तुटे, आवाजही फार करी. १८९८ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनो या तरुणाने आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दांडा वापरला. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी स्वतःची गाडी तयार करत असताना साखळीला कंटाळला आणि त्याने बंदिस्त, वंगण टिकून राहील असा सांधा बनवला. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीत त्याचा कारखाना सुरू झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनल्या, त्यांच्या धुऱ्या आणि ट्रान्सफर केस स्पायसरच्याच रचनेच्या होत्या.

हीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत, माझगावला, महिंद्रांकडे जुळवली जाऊ लागली. आमच्या भागात ती आली ती सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ‘बीडीओची जीप’ हा शब्द तेव्हापासून लहान पोरांच्याही तोंडी बसला. शाळा तपासणीला साहेब जीपने येत. धूळ दिसली की आमचे हेडमास्तर टोपी सारखी करत! १९६१ मध्ये विदर्भाची प्रांतिक वाहतूक सेवा राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली आणि एसटीचे जाळे वाढत गेले. पण धानाच्या बांध्यांतून आत गेलेल्या गावांना खरा आधार होता तो जुन्या, लिलावात घेतलेल्या, प्रवासी वाहणाऱ्या जीपचाच. अशा जीपला पुढे एक आणि मागे एक असे दोन शाफ्ट, म्हणजे क्रॉस चार. आणि पावसाळ्यात नाले ओलांडायचे. पाणी टोपीत शिरले की ग्रीस जाते, सुया गंजतात आणि क्रॉसला खाच पडते.

आमच्याकडे तुमसर रस्त्यावर एक मिस्त्री होते. शाळा चौथीपर्यंत. हूक हे नाव त्यांच्या कानावरूनही गेलेले नव्हते. पण निदान असे, की भल्याभल्यांनी ऐकत बसावे. त्यांचे शब्द मला अजून आठवतात : “गुरुजी, इंजिन बीमार असन त गाडी उभ्या उभ्या थरथरते. चाक बीमार असन त टेरिंग हलते. अना शाफ्ट बीमार असन त बुडाखाली कापते जी!”

या तीन वाक्यांत सगळे शास्त्र आले आहे. हिशेब करून पाहा. जीपच्या चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ४४० फेरे, सेकंदाला सातेक. पण शाफ्ट चाकाच्या सुमारे पाचपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ३५ ते ४० फेरे. त्यामुळे चाकाचा दोष सावकाश डुलल्यासारखा जाणवतो, आणि शाफ्टचा दोष भुंग्यासारखा गुणगुणत फरशीतून व सीटमधून अंगात शिरतो.

इंजिन की शाफ्ट, हे ठरवायची त्यांची रीत अशी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग गाठायचा आणि इंजिन चालूच ठेवून गाडी न्यूट्रल करायची. इंजिन शांत झाले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे. मग गाडी सपाटीला उभी करायची, चाकांना दगड लावायचे, खाली शिरायचे आणि शाफ्ट हाताने फिरवून व वरखाली हलवून पाहायचा. क्रॉसमध्ये जरासाही प्ले नको. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया गंजल्या असे समजायचे. सावकाश चालताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली तर क्रॉस कोरडा पडला. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना किंवा पुढून मागे जाताना ‘खट्ट’ वाजले तर तो झिजला. लांब ट्रकच्या आणि बसच्या शाफ्टला मध्ये एक सेंटर बेअरिंग असते. त्याचे रबर फाटले तर गाडी निघतानाच घरघरते.

आणि एक गंमत. पावसाळ्यात कित्येकदा काहीच बिघडलेले नसते. बांधीतला चिखल शाफ्टला एका बाजूने चिकटून वाळतो आणि तोल बिघडतो. मिस्त्री आधी खराट्याने शाफ्ट साफ करत, मग पान्याला हात लावत. शाफ्टवर वजनाची लहानशी पट्टी वेल्डिंग केलेली असते. ती पडली आहे का, नळीला पोचा आला आहे का, हेही ते पाहत.

आता एक दुःखद गोष्ट. साल १९८४, धान कापणीला आलेले. प्रवासी वाहणाऱ्या एका जीपचा क्रॉस गेला असल्याचे मिस्त्रींनी मालकाला दोनदा सांगितले होते. मालक म्हणाला, “हंगाम निघून जाऊ दे.” तिसऱ्या की चौथ्या दिवशी भर वेगात शाफ्टचे पुढचे टोक सुटले. सुटलेला शाफ्ट फिरतच राहतो. त्याने चासिसला लागून गेलेली ब्रेकची नळी तोडली. जीप रस्ता सोडून बांधीत कलंडली. तिच्यात माझे दोन सहकारी होते. एकाच्या गळ्याचे हाड मोडले. मागे लटकून तिकिटाचे पैसे गोळा करणारा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा गाडीखाली आला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. तो पोरगा आमच्याच शाळेतून सातवीनंतर गळालेला.

“मी सांगितले होते” असे मिस्त्री कोणाला म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. गेलेल्या क्रॉसची गाडी दारात आली की किल्ली काढून खिशात टाकायची. “पैसे धान विकल्यावर देजा, पन क्रॉस टाकल्याबिगर गाडी जानार नाही.” काही मालक भांडले, काही दुसरीकडे गेले. त्यांची उधारीची वही मी पाहिली आहे. तिच्यातले बरेच पैसे कधीच आले नाहीत.

क्रॉस बदलण्याचे कामही ते पूजेसारखे करत. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर छिन्नीने खूण. सरकत्या जोडाच्या दोन भागांवरही खूण, कारण तो एक दाता जरी फिरवून बसला तरी दोन्ही सांध्यांचा रोख चुकतो आणि नवा क्रॉस असूनही गाडी थरथरते. हूक यांचा नियम तो हाच! मग सर्क्लिप काढून शिकंज्यात दाबून जुन्या टोप्या बाहेर काढायच्या. नळीवर हातोडा मारायचा नाही. नव्या टोपीतल्या सुया ग्रीसने चिकटवून एकेक मोजायच्या. एक जरी आडवी पडली तरी टोपी पूर्ण बसत नाही. शेवटी सर्क्लिप खाचेत बसली का पाहायचे, आणि सांधा चारी दिशांना हाताने अलगद फिरतो ना याची खात्री करायची.

असो. पुढे काळ बदलला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिची ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे पोटाखालचा लांब शाफ्ट गेला. तिथे समान वेगाचा, गोळ्यांचा सांधा असतो. त्याचे रबरी बूट फाटले की वळताना ‘कट कट कट’ ऐकू येते. आता बॅटरीच्या गाड्या आल्या. तरीही मोटारीपासून चाकापर्यंत लहान शाफ्ट आणि सांधे बहुतेक गाड्यांत राहिलेच आहेत. चाक वरखाली होणार तोवर सांधा लागणारच.

आपल्या जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध तसा जवळचा आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. मोहाडी तालुक्यातल्या वरठीला वाहन उद्योगासाठी मिश्र पोलाद तयार होते. गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. खनिज, पोलाद, गिअर, सगळे इथलेच. या कारखान्यांची नोंद गॅझेटियरात सापडेल. खिशात किल्ली टाकणाऱ्या मिस्त्रीची मात्र सापडणार नाही, म्हणून ती इथे केली.

भाचरांनो आणि नातवंडांनो, तुमच्या गाडीत सीटखाली गुणगुण जाणवली तर गाण्याचा आवाज वाढवू नका, गाडी दाखवून घ्या. आणि तुमच्या गावात असे कोणी मिस्त्री होते का, तेही जरूर कळवा.