संगणक सुरू होताना अडतो, तेव्हा... बूटलोडर आणि कर्नल यांच्यातील विसंवाद कसा ओळखावा?

संगणकाचे बटण दाबावे, कंपनीचे बोधचिन्ह झळकावे आणि पुढे पडदा काळाच राहावा, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी 'सिस्टीम उडाली, आता फॉरमॅटच करावे लागेल' असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. वस्तुतः अनेकदा हार्डडिस्कवरील मजकूर शाबूत असतो आणि बिघाड असतो तो यंत्र सुरू होण्याच्या साखळीतील एखाद्या दुव्यात. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावातून संगणक दुरुस्तीसाठी बारामतीला न्यायचा, तर दिवस मोडतो. तेथे घाईने फॉरमॅट झाले, तर हिशेब, छायाचित्रे आणि मुलांचे प्रकल्प कायमचे जाण्याचा धोका असतो. म्हणून अडचण नेमकी कोठे आहे, हे आधी जाणून घेणे हिताचे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा संपला. त्यामुळे जुन्या संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसविण्याचा पर्याय अनेकांसमोर आहे. सी-डॅकची 'बॉस' किंवा 'उबुंटू' यांसारख्या लिनक्स प्रणालींत मराठीतही काम करता येते. मात्र एका यंत्रावर दोन प्रणाली नांदू लागल्या, की हा विसंवाद संभवतो.

साखळी कशी चालते?

बटण दाबताच प्रथम फर्मवेअर जागे होते. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. ते मेमरी, कीबोर्ड व डिस्क यांची तपासणी करून बूटलोडरला पाचारण करते. लिनक्समध्ये हे काम बहुधा 'ग्रब' करतो. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, मेमरीत आणतो आणि यंत्राचा ताबा त्याच्या हाती देतो.

मेख येथेच आहे. बूटलोडर डिस्क पाहतो ती बहुधा फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल मात्र स्वतःचे ड्रायव्हर वापरून तीच डिस्क नव्याने शोधतो. एकाला दिसणारी वस्तू दुसऱ्याला दिसेलच, किंवा त्याच नावाने दिसेल, याची खात्री नसते.

जुन्या बायोसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे, म्हणजे सुमारे ८.४ जीबीपलीकडचे, वाचता येत नसे. कर्नलची फाइल त्यापुढे असली, की बूटलोडर हतबल होई. पुढे कर्नलची रचना बदलली आणि 'एचडीए' या नावाने ओळखली जाणारी डिस्क 'एसडीए' झाली. २००७च्या 'फेडोरा ७'मध्ये हा बदल अनेकांच्या अनुभवास आला. यावर तोडगा म्हणून डिस्कच्या प्रत्येक विभागाला यूयूआयडी या स्वतंत्र ओळखक्रमांकाने संबोधण्याची पद्धत रुळली.

कोठे अडले, ते पाहा

* ग्रबची यादी आलीच नाही, किंवा 'ग्रब रेस्क्यू' अशी ओळ दिसली, तर बूटलोडरला स्वतःच्या फाइली सापडलेल्या नाहीत. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसविता येतो.
* यादी आली, पण नंतर 'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट' असा संदेश आला, तर कर्नल सुरू झाला. त्याला डिस्क सापडली नाही. कर्नलसोबत येणारी ड्रायव्हरांची शिदोरी अपुरी असल्यास असे घडते. यादीतील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून पाहावा.
* यादीनंतर पडदा काळा राहिला, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. यादीवर 'ई' कळ दाबून 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत टंकावा व एफ-१० दाबावे. वीजव्यवस्थापनाची शंका असल्यास 'एसीपीआय=ऑफ' वापरून पाहावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे प्रयोगात धोका कमी.

फर्मवेअरमधील तीन कळीच्या जागा

पहिली, डिस्कची पद्धत. काही लॅपटॉपमध्ये ती इंटेलच्या 'आरएसटी' किंवा 'रेड' प्रकारात असते. विंडोजला डिस्क दिसते, लिनक्स बसविताना मात्र दिसत नाही. ती 'एएचसीआय' केल्यास प्रश्न सुटतो; पण पूर्वतयारीविना बदल केल्यास विंडोज सुरू होणे थांबू शकते. 'बिटलॉकर' चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. ती नसेल, तर डिस्कवरील मजकूर कुलूपबंद होऊ शकतो.

दुसरी, बूटची पद्धत. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स जुन्या 'लेगसी' पद्धतीने बसविल्यास ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू करता येत नाही. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसवाव्यात.

तिसरी, 'सिक्युअर बूट'. स्वाक्षरीविना आलेल्या बूटलोडरला ही व्यवस्था मज्जाव करते. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अद्ययावतीकरणानंतर दोन प्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईना. 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊ लागला. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्स अद्ययावत करून ते पुन्हा चालू करणे, हा त्यावरील मार्गांपैकी एक होता. येथेही बिटलॉकरची खबरदारी लागू आहेच.

फॉरमॅटपूर्वी एवढे कराच

पडद्यावरील शेवटच्या संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. अलीकडे काय बदलले, नवी मेमरी, नवी डिस्क की एखादे अद्ययावतीकरण, हे आठवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो टिपून ठेवावा. लाइव्ह पेनड्राइव्हवर संगणक सुरू झाला, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्क खरखरत असेल किंवा फर्मवेअरलाही दिसत नसेल, तर मात्र प्रयोग थांबवून ती जाणकाराकडे सोपवावी. दुरुस्तीला देताना ते छायाचित्र दाखवावे आणि 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे स्पष्ट सांगावे.