पिवळा डबा आणि आपले स्वयंपाकघर

जुन्या मासिकांतील कथा-कविता आपण आवडीने वाचतो. त्यांतील जाहिरातींची पाने मात्र उलटून टाकतो. वास्तविक त्या काळी घरोघरी काय शिजत होते आणि काय शिजावे अशी व्यापाऱ्यांची इच्छा होती, हे त्या पानांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सापडेल. डालड्याचेच उदाहरण घेऊ.

तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळून ते थिजविण्याची कृती विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात निघाली. असे थिजविलेले तेल प्रथम हॉलंडमधून आपल्याकडे येई. पुढे लीव्हर कंपनीने १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती कंपनी स्थापन केली, मुंबईत शिवडीला कारखाना उभारला आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आणले. ‘दादा’ या जुन्या नावात लीव्हरचा ‘ल’ घातला, आणि डालडा झाला!

माल तयार झाला, पण तो घ्यावा कोणी? आपल्याकडे तूप म्हणजे केवळ स्निग्ध पदार्थ नव्हे. नैवेद्याच्या वरणभातावर, पुरणपोळीवर, बाळंतिणीच्या लाडवांत साजूक तूपच हवे. परंतु ते महाग, आणि भेसळीची भीती कायमचीच. जाहिरातदारांनी नेमके हेच वर्म ओळखले. लिंटास या जाहिरात कंपनीने चित्रपटगृहांत दाखविण्यासाठी बोधपट काढला, डब्याच्या आकाराची गोल गाडी रस्त्यांतून फिरविली, पत्रके वाटली, आणि लोकांसमोर पदार्थ तळून ते हातावर ठेवले. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही वास आणि चव कळत होतीच.

मासिकांतील जाहिरातींचा रोख मात्र सरळ गृहिणीकडे असे. हसरी आई, भोवती जेवणारी मुले, सीलबंद डब्याची शुद्धता आणि ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे! जीवनसत्त्व हा शब्द शाळेच्या पुस्तकातून स्वयंपाकघरात आणण्याचे पुष्कळसे श्रेय अशा जाहिरातींना द्यावे लागेल. डालडा सल्लागार सेवेकडे पत्र टाकले की स्वयंपाकाविषयी सल्ला मिळे. सासूला किंवा शेजारणीला विचारायचे ते आता कंपनीला विचारता येऊ लागले. सासरी एकटी पडलेल्या नव्या सुनेला याचा आधार वाटला असेल, हेही नाकारता येत नाही.

विरोधही कमी झाला नाही. महात्मा गांधींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. तुपात ती सहज मिसळता येते, ही मुख्य तक्रार होती. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली. रासायनिक परीक्षेत त्या तेलाचा लाल रंग उमटतो. तरीही खप वाढतच गेला. मध्यमवर्गीय घरांत चकल्या, करंज्या, शंकरपाळे डालड्यात होऊ लागले. साजूक तूप देवापुढच्या निरांजनापुरते आणि पानावरच्या चमचाभर धारेपुरते उरले. रिकाम्या डब्यांत डाळी भरल्या गेल्या, तुळसही लागली. पण बोलीभाषेने आपला न्याय केलाच: ‘डालडा’ म्हणजे नकली, असा अर्थ लोकांनी रूढ केला.

पुढे शास्त्रानेही कौल दिला. तेल अर्धवट थिजविताना तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक ठरते, हे १९९० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. २००३ साली कंपनीने डालडा हे नाव विकून टाकले, आणि १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील अशा चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली.

म्हणून आपल्या आया-आज्यांना फसव्या जाहिरातींना भुललेल्या म्हणणे योग्य होणार नाही. मोजक्या पैशांत मुलांच्या ताटात चार गोड घास पडावेत, एवढीच त्यांची धडपड होती; आणि डब्यावरचे पारखून पाहण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. आज पाकिटावर घटक छापलेले असतात. भगिनींनो, पुढच्या बाजूचे हसरे चित्र पाहून झाले की पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरेही आपण वाचली पाहिजेत.