पोहरादेवीला जाण्याआधी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं आत्याच्या फोनचं.

येत्या रामनवमीला आम्ही सगळे पोहरादेवीला जमणार आहोत. पुण्याचे, नागपूरचे, शिवाय कलबुर्गी आणि आदिलाबादकडचे सोयरेसुद्धा. दर्शन, भोग, पंगत हे नेहमीचंच. या वेळी मात्र पोरासोरांना घेऊन तिथलं संग्रहालय बघायचंही ठरलंय. आत्या त्याला 'आपला अजबबंगला' म्हणते. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. त्याला सगळे अजबबंगलाच म्हणतात, त्यामुळे तिच्या लेखी कुठलंही संग्रहालय म्हणजे अजबबंगलाच!

तर आत्याचा प्रश्न असा, की आजीच्या पेटीतली फेटिया-कांचळी, टुकरी आणि ती जुनी गोणी तिथे देऊन टाकायची का? "इथं वाळवी खाईल बाबू. तिथं काचेत राहील, चार लोकं पाहतील तरी."

मी लगेच हो म्हणालो नाही. का नाही म्हणालो, ते इथेच एकदा लिहितो. म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोहरादेवी वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि रामनवमीला देशभरातून बंजारा समाज तिथे येतो. २०१८ साली नगारा वास्तूचं भूमिपूजन झालं आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'बंजारा विरासत संग्रहालया'चं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार नगाऱ्याचा, चार मजले, तेरा दालनं. तांड्यात नगारा वाजला की काम टाकून माणसं गोळा व्हायची. तो आकार निवडला हे मला फार आवडलं.

मी अजून आत गेलेलो नाही, तेव्हा ही टीका नव्हे. माझी भीती एका छोट्या पाटीची आहे. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात आमच्या आजीची फेटिया ठेवली, तर खाली लिहिलं जाणार 'बंजारा स्त्रीचा पारंपरिक पोशाख'. खोटं काहीच नाही त्यात. पण भाचरं ती पाटी वाचतील, "वॉव, किती आरसे!" म्हणतील आणि पुढच्या दालनात पळतील. गोणीपाशी तर कुणी थांबणारच नाही. ना आरसे, ना कवड्या... तागाच्या सुताची, कळकट, मधून जोडलेली दोन तोंडांची पिशवी.

खरं तर सगळा इतिहास त्या गोणीत आहे. ती बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना सारखं ओझं. गाडी नको, रस्ता नको. वऱ्हाडच्या काळ्या चिकणमातीत जिथे गाडीचं चाक रुतायचं तिथून बैल ओझं घेऊन पार व्हायचा. वाटेत मिळेल तिथे चरायचा, म्हणून वाहतूक संथ पण स्वस्त. याला आमच्याकडे लदेणी म्हणतात. पावसाळ्यात लदेणी बंद. मग चारा-पाणी बघून तांडा कुठेतरी टेकायचा. आपण आज ज्यांना तांडे म्हणतो त्या वस्त्यांपैकी कितीतरी अशाच टेकलेल्या जागा आहेत.

आणि आकडे बघा. पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा इंग्रज १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. त्याला धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा वाटेत भेटला. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो, की दहा-बारा हजार बैलांचा काफिला अरुंद वाटेवर समोरून आला तर दोन-तीन दिवस नुसतं थांबून राहावं लागे. (आमच्या मुंबई-पुणे हायवेची आठवण झाली की नाही?) धान्य, मीठ, साखर... मुघलांच्या छावण्यांना रसद हेच लोक पुरवत. १८०३ साली आपल्याच वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या. त्या मोहिमेतल्या वेलस्लीच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्यांचे बैल वेळेवर आले नाहीत तर पलटणीला भात नाही! इंपीरियल गॅझेटियरमध्ये अमरावतीबद्दल एक नोंद आहे. १८४२ साली तिथल्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे पाठवला, असं म्हणतात. एक लाख बैल! त्यांच्यामागे चालणारी बायामाणसं किती असतील, त्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

मग आगगाडी आली. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचला. जे ओझं न्यायला तांड्याला महिने लागायचे ते मालगाडी काही दिवसांत नेऊ लागली. आणि पुढे चारच वर्षांत, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. तो सुरुवातीला उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ पर्यंत देशभर लागू करण्याची सोय झाली. मला या दोन तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ दिसतात, की त्या वेगळ्या करून वाचताच येत नाहीत. धंदा होता तोवर फिरणारा माणूस व्यापारी होता. धंदा गेल्यावर तोच माणूस नुसता 'फिरणारा' उरला, आणि फिरणारा म्हणजे संशयित. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आपल्या जातीच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती' लिहिलेलं असतं ते तिथून आलंय. कलबुर्गीच्या सोयऱ्यांच्या दाखल्यावर अनुसूचित जाती आहे, आदिलाबादकडच्यांच्या दाखल्यावर अनुसूचित जमाती. पंगतीला एकाच रांगेत बसणार, बोली एकच, आणि दाखले तीन. पोरांनी विचारलं तर काय सांगणार आहात?

मोठ्या माणसांचा इतिहास दाखवणं सोपं असतं. वसंतराव नाईकांची तसबीर लागते. पुसदजवळच्या गहुलीचा मुलगा १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता, अभिमान वाटतोच. गुरू तेगबहादुरांचा देह दिल्लीतून आणून स्वतःच्या घरालाच अग्नी देणाऱ्या लखी शाह वंजाऱ्याची गोष्ट सांगता येते. गोणी वाहणाऱ्यांचं मात्र काय टांगायचं भिंतीवर?

असो. आता जे सांगायचं टाळत होतो ते.

मी सातवीत वसतिगृहात होतो. आजी मला भेटायला आली, पूर्ण पेहरावात. फेटिया, कांचळी, केसांत चोटला, हातभर बलिया. फाटकापासून माझ्यापर्यंत येईस्तोवर तिच्या घुगऱ्यांचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. पोरं हसली. संध्याकाळी मी तिला म्हणालो, पुढच्या वेळी लुगडं नेसून ये. ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी ती आली ती आत्याचं निळं लुगडं नेसून. चालताना सारखी अडखळत होती. त्यानंतर गावाबाहेर जाताना तिने फेटिया कधी घातली नाही. ती पेटीत गेली ती तेव्हापासून. म्हणजे आत्या, आपण ज्याला 'जपून ठेवलेलं' म्हणतो ते मुळात मी लपवायला लावलेलं आहे.

तेच मी आता काचेत ठेवायला देऊ, आणि वर पावतीवर देणगीदार म्हणून माझं नाव?

यावर परवा आत्याशी तासभर बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुला लाज वाटली ते तुझं तू पाह्य. याडी त्याच्याआधी चाळीस वर्षं ते घालूनच हिंडली, ते कोण सांगंल?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर तूर्तास ठरलंय ते असं. पेटी रामनवमीला सोबत आणायची, द्यायची नाही. दर्शन झालं की सगळ्या पोरांना संग्रहालयात न्यायचं, आणि त्यानंतर बाहेर झाडाखाली बसून गोणी त्यांच्या हातात द्यायची. दोन्ही तोंडांत पाच-पाच किलो ज्वारी भरून उचलायला लावायची. फेटिया आत्या स्वतः घालणार आहे त्या दिवशी. कंबरेला बसत नाही म्हणून सध्या उसवायचं काम चालू आहे. गोणीचं काय करायचं ते संध्याकाळी सगळे मिळून ठरवू. दिलीच तर सोबत एक कागद द्यायचा. तिची मालकीण कोण, तांडा कुठला, ती कशासाठी वापरायचे. कागद मी लिहितो. पण पणजोबांची लदेणी कुठल्या वाटेने जायची हे नागपूरच्या काकांनाच ठाऊक आहे. काका, हे वाचत असाल तर फोन करा. आणि ज्वारी घरूनच आणा कुणीतरी, जत्रेत भाव दुप्पट असतो.